तेल लावलेले दगड

आमच्या देव्हाऱ्याखालच्या फळीवर काडेपेट्यांची चळत आहे. नवीन माणूस घरी आलं की त्याला वाटतं, या बाईनं काड्यांचा एवढा साठा कशाला केलाय. पण त्यात काडी एकही नाही. त्यात माझ्या सासऱ्यांचे दगड आहेत. एकेका पेटीत कापसाच्या गादीवर एकेक दगड, कुठला हरभऱ्याएवढा, कुठला सुपारीएवढा.

सासऱ्यांचं नाव येडू कोळेकर. मी त्यांना मामा म्हणते. सांगोल्याच्या पुढं, जतच्या रस्त्याला आमचं गाव. पाऊस कमी, माळ जास्त. मामा लहानपणापासून मेंढरांमागं फिरले. पुढं मेंढरं कमी झाली तेव्हा विहिरी खणायच्या टोळीत गेले. काळा पाषाण सुरुंगानं फुटला की कधीकधी त्याच्या पोटात पोकळी निघते आणि त्या पोकळीत गारगोटीचे बारीक बारीक कोंब असतात. पांढरे, गुलाबीसर, एखादा हिरवट. बाकीची माणसं तो माल ढिगावर फेकून द्यायची. मामा काम सुटलं की त्या ढिगावर बसायचे, उतरत्या उन्हात एकेक तुकडा फिरवून बघायचे आणि आवडला तो पटक्याच्या शेवाला बांधून घरी आणायचे. सासूबाई म्हणायच्या, "दुसऱ्यांची माणसं बाजारातनं खाऊ आणत्यात, आमचं माणूस धोंडं आणतंय." काडेपेट्या मात्र त्याच साठवून ठेवायच्या.

दर रविवारी मामा बिरोबाला तेल लावायचे. आमचा बिरोबा म्हणजे मूर्ती नाही, तांदळा आहे. नाक-डोळे नसलेला गोल दगड. त्याला तेल लावायचं, वर भंडारा वाहायचा. देवाच्या तेलाचा हात फडक्याला पुसायचा नाही असं मामांना त्यांच्या आईनं सांगितलेलं, म्हणून ते घरी येऊन त्याच बोटांनी आपल्या दगडांवरून हात फिरवायचे. दगड चमकायचे. कितीतरी वर्षं हे असंच चाललं होतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

सासूबाई गेल्या आणि मामा गावात एकटे राहिले. गेल्या उन्हाळ्यात ते परड्यात पाय घसरून पडले. कंबरेला मार लागला, उठता येईना. शेजारची एक पोरगी चुकलेली शेळी शोधत तिकडं आली म्हणून कळलं, नाहीतर काय झालं असतं याचा विचार मी करत नाही. माझे मिस्टर माउली त्याच दिवशी जाऊन त्यांना सोलापूरला घेऊन आले. जुळे सोलापुरात दुसऱ्या मजल्यावर आमचं घर. मिस्टर टॉवेलच्या कारखान्यात आहेत, मी घरी ब्लाऊज शिवते. मामांचं जेवण, औषध, अंघोळीचं पाणी सगळं वेळेवर व्हायचं, पण माणूस नुसता बसलेला. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांचा काढलेला. लांबची बस ओळखायचे, पण दगडातले कोंब दिसत नव्हते. हातातलं भिंग घेतलं तर भिंग थरथरायचं, आणि एका हातात भिंग, दुसऱ्या हातात दगड म्हटलं की दोन्ही दोन दिशेला जायचे.

एके दिवशी त्यांनी काडेपेट्या पिशवीत भरल्या, धोतरजोडी वर ठेवली आणि मला म्हणाले, "माउलीला सांग, मला गावाकडं सोडून ये. हितं बसून मी काय करू? दगडबी दिसंना झालेत."

मिस्टरांनी कशीबशी दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली. आम्हा दोघांनाही ठाऊक होतं, आता गेले तर ते तिथंच राहणार, आणि पुढच्या खेपेला शेळी शोधत कुणी येईलच असं नाही. बळजबरीनं ठेवून घ्यावं तर माणूस आतून सुकत चाललेला. त्या संध्याकाळी दिवा लावताना मी देवाकडं जास्त काही मागितलं नाही. म्हटलं, यांच्या हाताला काहीतरी दे.

सूक्ष्मदर्शक मी शाळेत पाहिला होता, पण कपाटात, काचेच्या पलीकडं. बाई कुलूप काढून बाहेर घ्यायच्या, आकृती काढायला लावायच्या आणि परत आत ठेवायच्या. डोळा लावायची पाळी कधी आली नाही. तोच आठवला. नव्या पेठेच्या बाजूला शाळा-कॉलेजांना प्रयोगशाळेचं सामान पुरवणारं एक दुकान आहे. मामांना रिक्षात बसवलं आणि घेऊन गेले. कुठं चाललोय ते सांगितल्यावर त्यांनी एकच काडेपेटी खिशात घातली.

दुकानदार मल्लिनाथ म्हणून होते, मूळचे अक्कलकोटकडचे. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंगाची डबी. त्यांनी मामांना कानडी पद्धतीनं 'अज्जा', म्हणजे आजोबा, म्हणून खुर्ची दिली. मी म्हटलं, सगळ्यात मोठं दाखवणारं यंत्र दाखवा. त्यांनी शाळेतल्यासारखं एका नळीचं काढलं. त्याच्या अंगावर लिहिलेला आकडा इतका मोठा होता, की मला वाटलं झालं, काम झालं. मामांनी खिशातली पेटी काढली, दगड खाली ठेवला, डोळा लावला. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "अंधार हाय."

मी बघितलं. खरंच अंधार. मल्लिनाथ हसले नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं, की या यंत्रात उजेड खालून येतो. कांद्याचा पापुद्रा, पाण्याचा थेंब, असं आरपार काही असलं तर दिसतं. दगडातून उजेड कसा जाणार? शिवाय यात सगळं उलटं दिसतं. आपण दगड उजवीकडं सरकवला की आत तो डावीकडं पळतो. मामांनी दगड उचलून पेटीत घातला, पेटी खिशात घातली आणि वरून हात दाबून धरला. परक्या माणसासमोर आपला चांगला दगड काळा निघाला याचं त्यांना लागलं होतं. नंतर कितीही म्हटलं तरी तिथं त्यांनी तो बाहेर काढला नाही. म्हणाले, आता घरीच बघायचं.

मग मल्लिनाथांनी दुसरं यंत्र आणलं, दोन नळ्यांचं. याला स्टिरिओ म्हणतात, त्यांनी सांगितलं. दोन्ही डोळ्यांनी बघायचं, दोन्ही डोळे थोड्या वेगळ्या बाजूनं बघतात, म्हणून वस्तू चपटी न दिसता खोलीसकट दिसते, आणि सुलट दिसते. मी पहिला आकडा वाचला आणि माझं तोंड उतरलं. मघाच्या यंत्रासमोर हा आकडा काहीच नव्हता.

ते म्हणाले, "ताई, आकडा बघू नका. खाली अज्जांचा हात मावतो का, ते बघा."

ही गोष्ट माझ्या मनात पक्की बसली. पहिल्या यंत्रात भिंग आणि वस्तू यांच्यामध्ये नखाएवढीसुद्धा जागा नव्हती. या यंत्रात मामांची मूठ गेली, वर थोडी जागा उरली. हात खाली टेकवून दगड बोटांत फिरवता येणार होता. वर एक चकती फिरवली की लहानाचं मोठं, मोठ्याचं लहान करता यायचं. मल्लिनाथांचं म्हणणं, दगड बघायला जास्त वेळ लहानच लागेल. फार मोठं केलं की एवढासा भाग दिसतो आणि त्याचाही अर्धा धूसर. खाली एक जादा भिंगही चढवता येतं. त्यानं मोठेपणा निम्मा होतो पण खालची जागा वाढते, सुपारीपेक्षा मोठे दगड बघायचे असतील तर ते घ्या म्हणाले. ते घेतलं.

बघायला त्यांनी देवाच्या तसबिरीपुढची खडीसाखर उचलून ठेवली. मामांनी डोळे लावले आणि म्हणाले, "दोन चंद्र दिसतायत." मल्लिनाथांनी नळ्या हळूहळू जवळ आणायला सांगितलं, दोन चंद्रांचा एक होईपर्यंत. मग उजवा डोळा झाकून डाव्याचं नीट करायचं, डावा झाकून उजव्याचं. मामांची मान हळूहळू स्थिर झाली. त्यांनी हात पुढं करून बोटानं खडीसाखर सरकवली, आणि आत आपलंच बोट आलेलं बघून दचकले.

"साखरंला धारा हायत," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "माजं ह्याच्यापेक्षा बरं दिसंल."

बसण्याचा घोळ तेवढ्यात लक्षात आला. मामा खुर्चीच्या काठावर एक पाय वर घेऊन अवघडून बसले होते. त्यांनी आयुष्यात बसून केलेलं काम सगळं जमिनीवर केलेलं. घरीही एक गुडघा उभा आणि एक मांडी घालून भिंतीशी बसतात. मल्लिनाथांनी विचारलं, अज्जा बसणार कुठं? मी म्हटलं खाली. ते म्हणाले, मग टेबलावर बघून घेऊ नका, फसाल. त्यांनी फरशीवर पोतं टाकलं, मामांना बसवलं, यंत्र पुढं ठेवलं. नळ्या पार मामांच्या छातीशी आल्या. वाकावं तर कंबर दुखणार. माझ्या पर्समध्ये टेप असतेच. मी फरशीपासून मामांच्या डोळ्यापर्यंत माप घेतलं, यंत्राचं घेतलं आणि मधल्या फरकाएवढ्या उंचीचा चौरंग करून घ्यायचं ठरवलं. पूजेचा चौरंग घरात होता, पण सत्यनारायणाच्या चौरंगावर दगडाची कपची पडलेली मला चालली नसती. मल्लिनाथ म्हणाले, चौरंग जड लाकडाचा करा, हलका डुलला तर आत धरणीकंप झाल्यासारखं वाटेल. स्टँडही त्यांनी आडव्या दांडीचा घ्यायला लावला. त्याची बैठक एका बाजूला राहते आणि यंत्र पुढं येऊन मांडीवर ओणवं होतं.

उजेडाचं मी स्वतःच्या मनानं ठरवणार होते. भिंगाभोवती बसणारी दिव्यांची गोल कडी मला आवडली होती. देवाच्या प्रभावळीसारखी दिसत होती. पण मामांनी विचारलं, ह्यो उजेड वरनंच पडणार का? वरनं म्हटल्यावर ते म्हणाले, भर दुपारी ढिगावर काही दिसायचं नाही, ऊन कलल्यावर दिसायचं. मल्लिनाथांनी मान डोलावली आणि वाकवता येणाऱ्या मानेचे दोन दिवे काढले. शिवाय फुंकर मारायचा रबरी फुगा, एक मऊ कुंचला आणि बोथट टोकाचा चिमटा.

मिस्टरांना फोन लावला तर ते म्हणाले, तीन नळ्यांचं मिळतं, तिसऱ्या नळीवर कॅमेरा बसतो, तेच घे, फोटो काढून सगळ्यांना पाठवता येतील. मामांनी ते ऐकलं आणि म्हणाले, "मला कुणाला दावायचं न्हाय. मला बघायचंय." मग दोनच नळ्यांचं घेतलं. किमतीचं इथं लिहीत नाही. मला भिशी लागली होती, तिच्यात बसलं.

सुतारानं चौरंग दिला त्या दिवशी गुरुवार होता. मी यंत्राला हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं. मामा आंघोळ करून, पटका बांधून बसले. मिस्टर मुद्दाम सकाळची पाळी बदलून दुपारची घेऊन घरी थांबले होते. पहिली पेटी उघडली. दिवे दोन्ही बाजूंनी वाकवले. मामांनी डोळे लावले.

 त्यांनी चकती फिरवली, परत फिरवली. दगड बाजूला ठेवला आणि दुसरी पेटी मागितली. मग तिसरी. मिस्टर विचारत होते, काय दिसतंय आबा, दिसतंय का? मामांनी शेवटी मान वर केली. चेहऱ्यावरचं सगळं उतरून गेलं होतं.

"हे असलं व्हय," ते म्हणाले. "आन् मी जनमभर जपत बसलो."

एवढंच बोलून ते उठले आणि गॅलरीत जाऊन बसले. दुपारी जेवले नाहीत. दिवाळीपर्यंतचं बोलणं विसरून म्हणाले, उद्याच्या गाडीनं जातो. पिशवी दाराशी आणून ठेवली. काडेपेट्या मात्र या वेळी पिशवीत भरल्या नाहीत. त्या चौरंगाजवळ तशाच पडून राहिल्या, आणि ते बघून मला जास्त भीती वाटली.

मिस्टर कामावर गेले. मी मशीनवर बसले पण टीप सरळ येईना. मग उठून चौरंगापुढं बसले आणि डोळे लावले. दोन चंद्र एक केले. दगडावर पिवळट, जाड साय धरलेली होती. सायीत कापसाचे धागे रुतलेले, भंडाऱ्याचे कण, एका ठिकाणी मुंगीचा पाय. कोंब असतील तर त्याच्या खाली. मामांना वाटलं होतं, दगडच असा आहे. पण मी तो चिकटा ओळखला. गॅसमागच्या फरशीला वर्षभर हात लावला नाही की जो धरतो, तोच. दगडात काही खोट नव्हती. ते तेल होतं.

मी गॅलरीत जाऊन सांगितलं. मामांनी ऐकून घेतलं. मी म्हटलं, मी रेशमी कापड रिठ्याच्या पाण्यात धुते, धागा दुखावत नाही, तसं हे धुता येईल. त्यावर ते एकदम ताठ झाले.

"ते बिरोबाचं तेल हाय, पूनम. रिठ्यानं धुवायचं?"

 देवाचं लागलेलं काढून टाकायचं, हे माझ्याही हाताला जड जाणारं होतं. मी आत जाऊन देव्हाऱ्यासमोर थोडी थांबले. तिथं सकाळच्या पूजेचं ताम्हन तसंच होतं, खाली देवांच्या आंघोळीचं पाणी. ते बघून मी परत बाहेर आले.

"मामा, रविवारी बिरोबाला तेल लावायच्या आधी काय करता?"

"आंगूळ घालतो."

"मग ह्यांना किती वर्षांत आंघोळ नाही?"

  गॅलरीच्या कठड्यावर एक कबुतर येऊन बसलं होतं, त्याला त्यांनी हाकललं. मग उठून चौरंगाजवळ गेले आणि सगळ्या पेट्यांतून शोधून एक माझ्या हातात दिली. त्यातला दगड अगदी साधा होता, वाटाण्याएवढी पोकळी असलेला. त्यांचा त्याच्यावर फारसा जीव नव्हता हे मला कळलं. 

रिठे कोमट पाण्यात कुस्करले, फेसाचं पाणी गाळून घेतलं, दगड त्यात ठेवला. पाण्यावर तेलाचा तवंग आला. कुंचल्यानं नुसतं स्पर्श केल्यासारखं केलं, पाणी बदललं, परत केलं. मामा शेजारी उकिडवे बसून बघत होते. एकदा म्हणाले, हळू. मी पाणी मोरीत ओतायला निघाले तर त्यांनी हात धरला. देवाचं पाणी मोरीत कसं? मग तो तांब्या मी खाली नेऊन बिल्डिंगमागच्या कडुनिंबाच्या मुळाशी ओतला.

दगड सुकेपर्यंत दिवेलागण झाली. मी देवापुढं दिवा लावला आणि येऊन बसले. मामांनी पटका काढून ठेवला, डोळे लावले, डावीकडचा दिवा जरा खाली वाकवला. मग चकती थोडी मागं फिरवली.

"हीर हाय ही," ते म्हणाले. "खालपतूर खोल हाय. कडंनं पायऱ्या सोडल्यात. उतरता यील मानसाला."

मग त्यांनी मला बघायला लावलं. वाटाण्याएवढ्या पोकळीत चहूबाजूंनी कोंब उभे होते, काचेसारखे स्वच्छ, कुणी घासून धारा काढल्यासारखे. एकामागं एक, आत आत गेलेले. तळाशी एकच गुलाबी होता. मी देवळात गाभाऱ्यात वाकून बघते तेव्हा जसं वाटतं तसं वाटलं. ते मी मामांना सांगितलं नाही. ते आपले विचारत होते, तळाला गुलाबी दिसला का, दिसला का तुला.

दुसऱ्या दिवशीची गाडी निघून गेली.  त्यांनी सकाळीच रिठे मागितले. उत्साहाच्या भरात मला न विचारता तीन-चार दगड एकदम पाण्यात सोडले. त्यात एक कापसाच्या गोंड्यासारखा होता, पांढऱ्या केसांचा, त्याला तेलाचं बोटही मामा नुसतं कडेला लावायचे. त्याचे केस एकमेकांना चिकटले ते चिकटलेच, सुकल्यावरही सुटेनात. मल्लिनाथांना फोन केला तर ते म्हणाले, केसाळ दगडाला पाणी दाखवायचंच नसतं, नुसती फुंकर. मामा त्या दगडाकडं बघून म्हणाले, "कोकरू भिजल्यागत झालं," आणि दिवसभर त्यांचं चित्त लागलं नाही. पण तो त्यांनी टाकला नाही. त्याचीही पेटी आहे.

पिशवी दाराशीच होती. रविवारी मिस्टर आणि मामा गावाला गेले. बिरोबाला तेल लावायचं होतं. जाताना मामांनी पिशवीतली धोतरजोडी काढून खुंटीला अडकवली आणि पिशवी रिकामी नेली.  संध्याकाळी जिन्यात मिस्टरांचा आवाज आला. ते तीच पिशवी दोन्ही हातांनी उचलून आणत होते आणि प्रत्येक पायरीवर थांबत होते. मागून मामा कंबरेवर हात ठेवून हळूहळू येत होते. पिशवी फरशीवर टेकली तेव्हा आत दगड वाजले. सासूबाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या ते मिस्टर म्हणाले, आणि मामा पहिल्यांदा मोकळं हसले.

आता त्यांची रोजची वेळ ठरलेली नाही. मन होईल तेव्हा चौरंगापाशी बसतात. खालच्या मजल्यावरच्या कस्तुराबाई कधी येऊन बघून जातात आणि म्हणतात, देवानं एवढं बारीक काम अंधारात कशाला करून ठेवलं असेल. मामा त्यावर म्हणतात, त्याला दिसतंय की.

सगळे दगड धुऊन झाले. एक सोडून. आमच्या स्वतःच्या रानातल्या विहिरीला पाणी लागलं त्या दिवशीचा तो दगड. मी त्याच्यासाठी रिठे भिजवले होते. मामांनी पेटी उघडली, दगड तळहातावर घेतला, बोटानं चाचपला आणि परत ठेवून दिला. म्हणाले, ह्यो ऱ्हाऊ दे. त्याच्या आत काय आहे ते आम्हाला कुणालाच माहीत नाही, आणि तो भिंगाखाली कधी गेलेला नाही. तो फळीवर नसतो, वर देव्हाऱ्यात असतो. रविवारी गावाला जाणं झालं नाही तर मामा घरच्या देवाला तेल लावतात, मग बोटावर उरलेलं देवाचं तेल सगळं त्या एका दगडाला लावतात. आणि मग मोरीवर जाऊन साबणानं हात स्वच्छ धुतात, पंचाला कोरडे करतात, आणि चौरंगापाशी येऊन बसतात.